खळगीचं नाव साळू

या, आत सरका. शिरू, पाय आत घे, गोधडी सगळ्यांची आहे. निमे, तुला कडेला झोपायचंय ना? झोप, पण मध्येच माझ्या अंगावरून उड्या मारायच्या नाहीत. आणि एक आधीच सांगून ठेवते. मी मधूनमधून हाक मारणार. जो जागा असेल त्याने ओ द्यायची. ओ आली की गोष्ट पुढे जाणार, नाही आली की गोष्टीवर पांघरूण. कबूल?

तर एकदा काय झालं, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. निंबोणी त्याचं नाव. गाव केवढं, तर एका घरात फोडणी पडली की टोकाच्या घरातला माणूस शिंकायचा. पण या गावाची एक रीत होती, बरं का, ती दुसऱ्या कुठल्या गावाला नव्हती.

आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते की नाही? कुर्र करते, आणि सगळ्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. शिरू, तुझ्या आत्याने तुझ्या बारशाला इतके धपाटे खाल्ले की अजून ती कुणाच्या बारशाला गेली तर भिंतीला पाठ लावून बसते. निंबोणीतही तसंच होतं. पण तिथं आत्याचं काम तेवढ्यावर संपत नसे. बाळाच्या कानात नाव सांगून झालं की तिने तोंड मिटून घ्यायचं. कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही. नाव तोंडात तसंच धरायचं आणि घरच्यांनी ठरवलेल्या जागेपाशी जायचं. तिथं वाकून तेच नाव त्या जागेला सांगायचं. मग बाळ आणि जागा, दोघं एका नावाची व्हायची. जन्मभराची.

म्हणजे कसं, गावात म्हादूबाबा म्हणून एक म्हातारा होता आणि गावामागचा डोंगरही म्हादू. म्हादूबाबा सकाळी अंगणात उभा राहून हाक मारायचा, "म्हादू!" डोंगर म्हणायचा, "ओ!" गोदाकाकू होती, आणि वेशीवरची चिंचही गोदा. काकू खालून गेली की चिंच तिच्या पदरात एक पिकलेला आकडा टाकायची. दुसरं कोणी गेलं तर नाही हं. आणि दोघांत नाव वाटलेलं, त्यामुळे दोघांचं सुखदुःखही वाटलेलं. चिंचेला कीड लागली की काकूला पित्त व्हायचं.

वर्षातून एकदा प्रत्येकाने आपली जागा झाडायची, तिच्यावर तांब्याभर पाणी घालायचं, हळदकुंकू वाहायचं आणि म्हणायचं, "तू आहेस, म्हणून बरं आहे." बस, एवढंच म्हणायचं. मागायचं काही नाही.

आता या गावात एका घरी मुलगी झाली. तिचं नाव ठरलं साळू. जागाही ठरली, माळावरचा शेंदरी आंबा. असला गोड आंबा की कोय चाटतानासुद्धा लोक डोळे मिटायचे. साळूच्या आत्याचं नाव भागा. भागाआत्या म्हणजे बोलकी बाई, तिला गप्प राहणं म्हणजे शिक्षा. तिने बाळाच्या कानात नाव सांगितलं, धपाटे खाल्ले, तोंड मिटलं, आणि निघाली माळाकडे. वाटेत बायका मुद्दाम विचारायच्या, "भागाबाई, कुठं निघालात?" ही नुसती डोळे वटारायची. तोंडात नाव, ते ओठांवर येऊन बसलेलं, कधी एकदा आंबा येतो असं तिला झालेलं. म्हणून ती भराभर चालत होती. आणि वाटेच्या कडेला होती एक खळगी.

केवढी खळगी? कोंबडी बसेल एवढी. तिच्या अलीकडच्या दगडाला लागली हिला ठेच. आत्या धाडकन पालथी पडली. दुसरं कोणी असतं तर "अगं आई गं" म्हणालं असतं. पण हिच्या तोंडात सकाळपासून एकच शब्द धरून ठेवलेला. तोच सुटला. "साळूऽऽ!" आणि तोही तोंड नेमकं खळगीत असताना.

झालं. दिलेलं नाव परत घेता येत नाही. आंबा गेला पाटलांच्या मुलीला, आणि साळूच्या वाट्याला आली खळगी.

निमे? ... जागी आहेस. बरं.

मग साळू मोठी झाली. तुझ्याएवढी. पोरं चिडवायची, "साळू साळू, खळगीत लोळू!" पाटलांची मुलगी आंबा खाता खाता विचारायची, "साळू, तुझ्या खळगीला यंदा काय लागलंय गं?" साळू घरी येऊन रडायची. भागाआत्याला वाईट वाटायचं. ती तिला जवळ घ्यायची आणि म्हणायची, "अगं, त्या दिवशी मी पडले ना, त्या वाटेला सगळा दगडच दगड. फक्त खळगीत मऊ माती होती. कपाळ तेवढ्याच मातीवर आलं, म्हणून आज तुला भाकरी करून घालतेय. मला तर तिनंच वाचवलं."

साळूने हे ऐकलं, आणि पोर विचारात पडली. दुसऱ्या दिवशी उठली, केरसुणी घेतली आणि गेली खळगीपाशी. काटे काढले, खडे वेचले, तांब्याभर पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं. मग गुडघे टेकून म्हणाली, "माझ्या आत्याला वाचवलंस. तू आहेस, म्हणून बरं आहे." आणि हाक मारली, "साळू!"

खालून मुंगीएवढा आवाज आला, "ओ."

साळू एवढी हसली की माळावरची गुरं मान वळवून बघायला लागली. तेव्हापासून ती वर्षातून एकदा नाही, रोज जायची. खळगीत पाणी टाकायची. चिमण्या अंघोळीला यायच्या, साळू बसून बघायची. कोणी चिडवलं तर म्हणायची, "माझ्या खळगीला चिमण्या लागल्यात."

साळूला एक धाकटा भाऊ होता, राघू. त्याची जागा म्हणजे गावचा आड. सगळं गाव त्या आडाचं पाणी प्यायचं, तो आडही राघू. आमचा राघू काठावर पालथा पडायचा आणि आत ओरडायचा, "राघू!" आड म्हणायचा, "ओ!" "राघू कोण?" "मी!" "नाही, मी!" "नाही, मी!" दोघांचं भांडण सुरू. शेवटी आई येऊन एका राघूला कानाला धरून जेवायला न्यायची. साळूचा या भावावर फार जीव. तो झोपल्याशिवाय ती झोपायची नाही.

मग एके दिवशी त्या वाटेने राजा आला.

राजाचं नाव रणधीर. वाईट होता का? नाही रे, वाईट नव्हता. पण जन्मात कोणी त्याला नाही म्हटलं नव्हतं, आणि अशा माणसाला आपण वेडेपणा करतोय हे कळायला उशीर लागतो. शिवाय बिचाऱ्याला झोप यायची नाही. मऊ गाद्या घातल्या, वैद्यांनी काढे दिले, गवयांनी गाणी म्हटली. गवई झोपायचे, राजा जागाच.

तर राजाची स्वारी निंबोणीपाशी थांबली. समोर म्हादूबाबा अंगणात उभा. त्याने हाक मारली, "म्हादू!" डोंगर म्हणाला, "ओ!" राजा बघतच राहिला. त्याने विचारपूस केली, मग चिंच बघितली, मग आड बघितला. एका फाटक्या म्हाताऱ्याला आख्खा डोंगर ओ देतो, एका शेंबड्या पोराला आड ओ देतो, आणि आपल्याला? त्याने छाती फुगवून हाक मारली, "रणधीर!" डोंगर गप्प.

राजाच्या पोटात दुखायला लागलं. त्याने तिथल्या तिथं हुकूम सोडला. "आजपासून या डोंगराचं नाव रणधीर, या चिंचेचं नाव रणधीर, या आडाचं नाव रणधीर. जुनं नाव जो घेईल तो गावाबाहेर." दवंडी पिटली. मोठमोठे दगड आणले, त्यांच्यावर राजाचं नाव कोरलं आणि प्रत्येक जागी एकेक रोवला.

माळावरून जाताना प्रधानाने विचारलं, "महाराज, ही एक खळगी आहे. साळू म्हणतात हिला. हिचं काय करायचं?"

राजा हसला. "ही? हिला माझं नाव? बैलाच्या पायाचा ठसा आहे तो. राहू दे तिचं तिला."

म्हणून खळगी वाचली. लहान असण्याचा असाही एक फायदा असतो, निमे.

मग काय गोंधळ उडाला म्हणता! प्रधानाने सांगितलं, "महाराजांचं जेवण रणधीरापाशी पाठवा." पुरणपोळ्या गेल्या आडापाशी, तूप गेलं चिंचेखाली, आणि महाराज डोंगरावर हात धुऊन बसलेले. वाटसरूने वाट विचारली तर गावकरी सांगायचे, "रणधीरावरून उतरा, रणधीराला वळसा घाला, की आलाच रणधीर." वाटसरू हात जोडायचा आणि आल्या वाटेने परत जायचा.

पण हसू लवकरच संपलं. डोंगर ओ देईना. चिंचेने भर दिवसा पानं मिटून घेतली. आडाचं पाणी खाली खाली गेलं आणि एक दिवस पोहरा खडखडत वर आला, रिकामा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बायका कोसभर लांबच्या ओढ्यावर जायला लागल्या. म्हादूबाबाला धाप लागली. गोदाकाकू अंथरुणात मुडपून पडली. आणि आमचा राघू?

राघू बोलेनासा झाला. खाटेवर पडून राहायचा. आई म्हणायची, "राघू!" तो बघायचासुद्धा नाही. कोणी तरी दुसऱ्यालाच हाक मारतंय असं त्याचं तोंड. अर्धं नाव आडाच्या तळाशी निपचित पडलेलं, मग उरलेल्या अर्ध्याने ओ कशी द्यावी? दिवसेंदिवस पोर कोमेजत चाललं. आईने देव पाण्यात ठेवले. साळू त्याच्या उशाशी बसून राहायची.

शिरू? ... हं, तुझी ओ जरा बारीक झालीये. ऐक.

मग साळू घाबरत घाबरत आडापाशी गेली, कोणी नाहीसं बघून आत वाकली आणि म्हणाली, "राघू." काही नाही. ती धावत आत्याकडे आली. आत्या म्हणाली, "तुझ्या हाकेनं नाही व्हायचं, बाळ. ज्यानं नाव उचललं त्यानंच ते परत ठेवावं लागतं." आता राजाला कोण सांगणार? राजा तर तंबू ठोकून तिथंच बसलेला, आज ना उद्या डोंगर आपल्याला ओ देईल म्हणून.

साळू खळगीपाशी गेली. तिची जागा अजून बोलत होती. साळू म्हणाली, "साळू, माझा राघू जातोय गं." आणि जे रडू आईसमोर दाबून ठेवलं होतं ते सगळं तिथं आलं.

खळगी म्हणाली, "रडू नको. तू रोज मला पाणी घातलंस, त्यातलं थोडं मी पोटात धरून ठेवलंय. मी लहान आहे, माझ्याकडे फार नाही. पण आहे ते तुझं." आणि खळगीच्या तळाशी पाण्याचे थेंब जमले. साळूने पळसाच्या पानाचा द्रोण केला, ते थेंब भरले आणि राघूच्या ओठांना लावले. राघूने कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी खळगीने घोटभर दिलं. राघूने डोळे उघडले. बोलला नाही, पण बहिणीकडे बघितलं. साळूला वाटलं, जिंकलं.

तिसऱ्या दिवशी खळगीने ओंजळभर पाणी दिलं आणि म्हणाली, "साळू, हे शेवटचं हं. यानंतर मी कोरडी." साळूने द्रोण भरला. कसला जपून धरला, मांजरीने पिलू धरावं तसा. उठणार, तोच काय झालं?

सांगते, पण आधी राजाचं ऐका. त्या दिवशी राजा एकटाच बाहेर पडला होता. सकाळी डोंगरावर जाऊन ओरडला, "रणधीर!" डोंगर गप्प. चिंचेखाली येऊन ओरडला, "रणधीर!" पान हललं नाही. आडात वाकून ओरडला, "रणधीर!" नुसता कोरडा वास आला. राजाला असं काही लागलं म्हणता! तो रागाने तरातरा चालत सुटला, वाट फुटेल तिकडे, भर उन्हात. तिकडे शिपायांनी विचारलं, "महाराज कुठं गेले?" कोणीतरी सांगितलं, "रणधीराकडे." निम्मे डोंगरावर धावले, निम्मे चिंचेकडे, उरलेले आडापाशी. माळावर कोणीच गेलं नाही, कारण तिथं त्या नावाचं काही नव्हतंच.

राजा उन्हात भटकला, वाट चुकला, घशाला कोरड पडली. आणि पाय गेला कुठं? हं, बरोबर. खळगीत. धाडकन पालथा.

साळूने बघितलं. पागोटं कुठंतरी पडलेलं, तोंड मातीने माखलेलं, पण माणूस तोच. तिच्या राघूचं नाव नेणारा. राजा म्हणाला, "पाणी."

आता सांगा, तुम्ही काय केलं असतंत?

साळू म्हणाली, "हे पाणी माझ्या भावाचं आहे. तुम्हाला हवं तर आडाला मागा की. तुमच्याच नावाचा आहे ना तो?"

राजा मान खाली घालून म्हणाला, "तो मला ओ देत नाही, पोरी. कोणीच देत नाही."

"तुमच्या आत्यानं तुमचं नाव कुठल्याच जागेला नाही सांगितलं?"

"आमच्याकडे बारशाला तोफा उडाल्या. हत्तीवरून साखर वाटली. पण वाकून कुणाच्या कानात सांगितलेलं कधी ऐकलं नाही."

आणि राजा रडायला लागला, बरं का. एवढा मोठा मिशीवाला बाप्या, लहान मुलासारखा मुसमुसून. साळूला त्याचा राग आला होता, पुष्कळ आला होता. पण आपल्याला खळगी तरी आहे, याला तेवढीही नाही, हे मनात आलं आणि तिला त्याची कीव आली. आधी कबूल करून घ्यावं, मग पाणी द्यावं, असंही तिच्या मनात आलं. पण खळगीने तिला पाणी देताना काय कबूल करून घेतलं होतं? काहीच नाही. तिने द्रोण त्याच्या ओठांशी नेला. "निम्मं. निम्म्याच्या वर एक थेंब नाही."

राजा निम्मं प्यायला. कमरेला तलवार होती, उरलेलं हिसकावून घेता आलं असतं. नाही घेतलं. तो म्हणाला, "असलं पाणी मी कधी प्यायलो नाही. याचं मोल काय देऊ?"

"मोल नसतं. नुसतं म्हणायचं असतं."

"काय?"

साळूने शिकवलं. आणि राजा रणधीर त्या बैलाच्या ठशापुढे वाकला, कपाळ मातीला लावलं आणि म्हणाला, "साळू, तू आहेस, म्हणून बरं आहे." जन्मात पहिल्यांदा त्याने कुणाला असं म्हटलं होतं.

खळगी म्हणाली, "ओ."

राजाने चमकून वर बघितलं. त्याचं नाव नव्हतं, तरी ओ त्याला आली होती. मग साळूने त्याला राघूचं सगळं सांगितलं. राजा ऐकत होता आणि त्याचं तोंड पडत चाललं होतं. तो लंगडत उठला. "चल. कुठं आधी?"

एका हाताने साळूच्या खांद्याचा आधार घेतलेला राजा, आणि साळूच्या दुसऱ्या हातात द्रोण. आधी डोंगर. राजाने स्वतःच्या हातांनी दगड उपटला आणि म्हणाला, "म्हादू, चुकलो. तू आहेस, म्हणून बरं आहे." डोंगर एवढ्या मोठ्याने म्हणाला, "ओ!" की सगळे शिपाई खाली बसले. घरात म्हादूबाबा उठून चिलीम शोधायला लागला. मग चिंच. "गोदा, तू आहेस, म्हणून बरं आहे." पानं सळसळली, आणि गोदाकाकू अंथरुणातून ओरडली, "अगं बाई, चूल कुणी विझवली?"

मग आड. सगळं गाव गोळा झालं. राघूची आईही आली, पदर तोंडाला लावून. राजा काठावर पालथा पडला आणि म्हणाला, "राघू, तू आहेस, म्हणून बरं आहे."

काही नाही.

पुन्हा म्हणाला. काही नाही. आड फार खोल आणि तळापर्यंत कोरडा ठणठणीत. कोरड्या घशातून ओ कशी निघणार? राजाने वर बघितलं, त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतक्यात घरून कोणीतरी धावत आलं. "लवकर चला, पोरानं डोळे मिटले."

साळूच्या हातात द्रोण. त्यात निम्मी ओंजळ. आई म्हणाली, "पळ साळू, त्याच्या तोंडात घाल!" साळू निघाली, आणि थांबली. तिने आडाकडे बघितलं. हाही राघूच की. काल पाजलं, परवा पाजलं, ते खाटेवरच्या राघूला. या राघूच्या तोंडात मात्र कोणी थेंब घातला नव्हता.

तिने द्रोण आडात रिकामा केला.

आई किंचाळली. गाव हळहळलं. पाणी खाली गेलं, खाली गेलं, आणि तळाशी टप् असा आवाज आला. साळू म्हणाली, "महाराज, आता म्हणा."

राजा म्हणाला, "राघू, तू आहेस, म्हणून बरं आहे."

आडातून आवाज आला, "ओ." आणि त्याच क्षणी, बरं का, तिकडून घरातूनही आवाज आला, "ओ! आई, भूक लागली!"

आईने जी धूम ठोकली! साळू मात्र तिथंच मटकन बसली आणि हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं तिला. आडात पाणी चढत होतं, बुडबुड आवाज करत. थोड्या वेळाने राघू स्वतःच धावत आला, हातात अर्धी भाकरी, आणि काठावर पालथा पडून ओरडला, "राघू कोण?" "मी!" "नाही, मी!" त्या दिवशी त्यांचं भांडण कोणी सोडवलं नाही.

राजा जायला निघाला. तीन दगड उपटून पडले होते, त्यांच्याकडे बघत उभा राहिला. भागाआत्या बघत होती. तिने आधी साळूला झापलं, "पाणी द्यायच्या आधी कबूल नाही का करून घ्यायचं, वेडे!" मग तिला पोटाशी धरलं. मग राजापाशी गेली. "वाका," म्हणाली. राजा वाकला. तिने त्याच्या कानात सांगितलं, "कुर्र, रणधीर." आणि बायका वाट कसली बघतात! गोदाकाकूने राजाच्या नव्या आत्याच्या पाठीत पहिला धपाटा घातला.

मग भागाआत्या तोंड मिटून निघाली. राजा विचारतोय, "आत्याबाई, कुठं?" ती डोळे वटारतेय. साळू आणि राघूने तिचे दोन्ही हात घट्ट धरले, पुन्हा नको पडायला. तिने खुणेने ते तीन दगड माळावर आणवले, खळगीशेजारी मांडून घेतले, दोन उभे आणि एक वर आडवा. झाला ओटा. डोक्यावर भारा घेऊन येणाऱ्या बाईला टेकवता येईल असा, कमरेच्या जरा वर. आत्या वाकली आणि त्याला म्हणाली, "रणधीर."

ओटा म्हणाला, "ओ."

राजाने त्या ओट्यावर हात फिरवला आणि कितीतरी वेळ फिरवतच राहिला. मग आपल्या राजधानीला गेला. तिकडे दूर माळावर एखादी बाई गवताचा भारा ओट्यावर टेकवायची, घाम पुसायची आणि म्हणायची, "आहेस बाबा, म्हणून बरं आहे." इकडे राजाच्या जिवाला एकदम थंड वाटायचं. त्याला इतकी गाढ झोप लागायला लागली की गवयांना दुसरीकडे काम शोधावं लागलं. आणि वर्षातून एकदा तो यायचा, घोडा वेशीवर सोडायचा आणि स्वतःच्या हाताने ओटा झाडायचा. केरसुणी उलटी धरायचा आधी. साळूने शिकवलं.

आणि खळगी? ती कोरडी पडली होती ना? आडावरून पाणी भरून येणारी प्रत्येक बाई मुद्दाम वाट वाकडी करून माळावर जायची आणि कळशीतलं चूळभर पाणी तिच्यात टाकायची. पहिली कळशी कुणाची, माहितेय? पाटलांच्या मुलीची. वर एक आंबाही ठेवून गेली ती, साळूसाठी. खळगी पुन्हा कधी आटली नाही. चिमण्यांना तर दिवाळीच.

साळू मोठी झाली, म्हातारी झाली, सुखाने राहिली, राघूही राहिला, राजाही राहिला. तिथं अजून कोणी हाक मारली तर दोन दोन ओ येतात म्हणे, एक घरातून आणि एक मातीतून.

झालं. आता डोळे मिटा. निमे?

...

शिरू?

...

नाही आली ओ. दोघंही झोपली. काय गं बाई, किती ऊन ऊन हात हे. गोधडीत घालू दे.

तुम्ही आहात रे, म्हणून बरं आहे.